तेल, माती आणि मोकळा हात

गेल्या वर्षी आषाढात माझी भाची पहिल्या बाळंतपणासाठी नागपूरहून माहेरी, अर्जुनी मोरगावला आली. बाळ झाले, पाचवी झाली, आणि बाळ-बाळंतिणीचे अंग चोळायला गावातलीच एक वयस्क बाई ठरली. पहिले काही दिवस ती सकाळी नऊच्या सुमारास येत असे. मग एक दिवस आलीच नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला दारात उभी. म्हणाली, "रोवणा लागला, बाई. आता येईन तं अशीच अंधारात येईन."

भाची वैतागली. तिने फोनवर मला एका शहरातल्या केंद्राची जाहिरात दाखवली. बाळासाठी कोमट पाण्याचे टाके, मालीश, मंद संगीत. आईसाठी वेगळी खोली. मोठ्या भावंडासाठी मातीकाम आणि रंगकाम. "आत्या, तिथे वेळ ठरवली की ठरली. रोवणीबिवणी काही नाही."

त्या जाहिरातीत खोटे काही नव्हते. मी तालुक्यातल्या शाळांत पंचवीस वर्षे शिकवले. त्यातली बरीचशी वर्षे पहिली-दुसरीच्या मुलांसोबत गेली. ती यादी वाचताना वाटले, यातली जवळजवळ प्रत्येक गोष्ट आपल्या गावात आहे. तेल आहे, कोमट पाणी आहे, गाणे आहे, माती तर पायाखालीच आहे. मग भाचीला ती इथे का मिळत नव्हती? या प्रश्नाचा मी वर्षभर पाठपुरावा केला. चोळणाऱ्या बायकांशी, अंगणवाडीतल्या ताईंशी, सुतारांशी, तरुण आयांशी बोलले, आणि जमेल तितके वाचले. त्याचा हा लेखाजोखा.

आधी गावाविषयी. अर्जुनी आणि मोरगाव ही लागून असलेली दोन गावे. शेजारच्या सडक अर्जुनीपासून ओळख वेगळी राहावी म्हणून नाव जोडूनच घेतले जाते. गोंदिया जिल्ह्याचे हे दक्षिणेकडचे टोक. गोंदिया–बल्लारशाह रेल्वेमार्गाने पुढे गेले की गडचिरोली जिल्ह्यातले वडसा लागते. एका बाजूला नवेगावबांधचे जंगल आणि तळे, दुसऱ्या बाजूला गाढवी नदीवरचे इटियाडोह धरण, आणि मधे जिकडेतिकडे मालगुजारी तलाव, बोड्या आणि धानाच्या बांध्या. या मुलखाला झाडीपट्टी म्हणतात. इथले वर्ष पंचांगाइतकेच धानावर चालते. आषाढ-श्रावणात रोवणी, दिवाळीच्या आगेमागे कापणी, मग चुरणी. चैत्राच्या सुमारास पहाटे मोह वेचायचा, वैशाखात तेंदूपाने तोडायची. या प्रत्येक कामात बायकांचे हात आधी लागतात. लहान मुलाच्या वाट्याला कोणाचे हात कधी येतील, हे त्यावरच ठरते.

आता चोळण्याविषयी. आमच्याकडची पद्धत अशी. बाई न्हाणीत पाटावर बसते, पाय लांब करते, आणि बाळाला दोन्ही नडग्यांच्या खोबणीत पालथे-उताणे ठेवते. उजेड एका बाजूने हवा, वारा नको. तेल आधी तळहातावर चोळून कोमट करायचे. छातीपासून खांद्यांकडे, मांडीपासून पावलांकडे, पोटावर गोल, पाठीवर वरून खाली असा हात जातो. शेवटी हात-पाय एकमेकांवरून अलगद आडवे घ्यायचे. मग ऊन पाणी, मऊ फडके, आणि झोप. तेल घरच्या ऐपतीप्रमाणे. तिळाचे किंवा खोबऱ्याचे घेणारे घेतात; जुन्या बायका जवसाचे आणि मोहाच्या टोळीचे तेल सांगतात. बाळाचे झाले की बाळंतिणीची कंबर, पाठ, पोटऱ्या. हा दुसरा अर्धा भाग जाहिरातीत 'आईसाठी वेगळी खोली' म्हणून येतो. इथे तो त्याच न्हाणीत, त्याच हातांनी होतो.

हे करणारी बाई पूर्वी दाई असे. बाळंतपण तीच करी, नाळ तीच कापी, आणि पुढचे सव्वा महिना चोळायलाही तीच येई. तिला पायल्यांनी धान, शेवटी लुगडे मिळे. जातीच्या उतरंडीत तिची जागा खालची असे; बाळंतघरात तिचा शब्द चाले, पण ओट्यावर तिला वेगळे बसवले जाई. हे लपवून परंपरेचे गोडवे गाण्यात अर्थ नाही. २००५ मध्ये जननी सुरक्षा योजना आली, आशा कार्यकर्त्या आल्या, आणि बाळंतपणे दवाखान्यात होऊ लागली. ते योग्यच झाले. कितीतरी जीव वाचले. दाईच्या हाती मात्र तिच्या विद्येतला चोळण्याचा भाग तेवढा उरला.

या उरलेल्या भागाला शास्त्राचा आधार किती? नवजात बाळाच्या घरगुती देखभालीवरचे एक महत्त्वाचे काम आमच्या शेजारीच झाले आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गडचिरोलीतल्या ३९ खेड्यांत गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी शिकवली. बाळ कोरडे आणि उबदार ठेवणे, लगेच अंगावर पाजणे, जंतुसंसर्गाची लक्षणे ओळखून उपचार सुरू करणे. १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये त्याचे निष्कर्ष आले, तेव्हा नवजात मृत्यूंचे प्रमाण तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी घटलेले होते. पुढे २०११ पासून देशभरातल्या आशांना याच धर्तीवर बाळंतिणीच्या घरी भेटी देण्याचे काम मिळाले: दवाखान्यातल्या बाळंतपणानंतर ४२ दिवसांत सहा भेटी. पूर्वी दाई त्याच दिवसांत त्याच घरी येई, हे इथे ध्यानात घ्यावे.

चोळण्यावर स्वतंत्र अभ्यासही आहेत. अमेरिकेत टिफनी फील्ड आणि सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, अपुऱ्या दिवसांच्या बाळांना रोज तीनदा पंधरा-पंधरा मिनिटे, असे दहा दिवस चोळले. न चोळलेल्या बाळांपेक्षा त्यांचे वजन दिवसागणिक ४७ टक्के जास्त वाढले. आपल्याकडे २००० मध्ये सव्वाशे बाळांवर झालेल्या एका अभ्यासात वेगवेगळी तेले तपासली गेली. चार आठवड्यांनंतर तिळाच्या तेलाच्या गटात वाढ ठळक दिसली. अभ्यास लहान आहेत, सर्वांचे निष्कर्ष सारखे नाहीत. पण चोळल्याने बाळ शांत झोपते आणि बेताच्या दाबाने त्याचे भले होते, इतके म्हणायला हरकत नाही.

याच अभ्यासांमुळे काही गोष्टी सोडाव्या लागतात. कानात-नाकात तेल घालू नये. नवजात बाळाची छाती पिळू नये. टाळूवर तेल थापून दाबू नये. बंद खोलीत शेगडीची धुरी देऊ नये. तो धूर कोवळ्या फुप्फुसात जातो. जन्मल्याबरोबर अंघोळ नको, आणि बाळ कमी वजनाचे असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे. आमच्या बाईने यातले बहुतेक आशाताईकडून ऐकलेले होते. धुरी मात्र तिला सोडवत नव्हती. आठवडाभर वाद चालला, शेवटी शेगडी पडवीत गेली.

आता या विद्येचा प्रवास पाहा. फ्रेडरिक लबॉये नावाचे फ्रेंच प्रसूतितज्ज्ञ होते. बाळाचा जन्म गोंगाटाविना, धसमुसळेपणाविना व्हावा, असे सांगणारे त्यांचे पुस्तक १९७४ साली गाजले. ते कोलकात्याला आले असताना शांतला नावाची एक स्त्री आपल्या बाळाला पायांवर घेऊन चोळताना त्यांनी पाहिली. तिची छायाचित्रे आणि वर्णन असलेले 'शांतला' हे पुस्तक १९७६ मध्ये निघाले आणि युरोपभर पोचले. त्याच सुमारास विमला मॅक्लूर ही अमेरिकन तरुणी भारतातल्या अनाथालयात काम करताना चोळणे शिकली, मायदेशी परतून आयांना शिकवू लागली, आणि त्यातून बाळाच्या मालीशचे प्रशिक्षण देणारी आंतरराष्ट्रीय संघटना उभी राहिली. आज आपल्या शहरांत प्रमाणपत्र घेऊन 'इन्फंट मसाज' शिकवणाऱ्या पुष्कळ जणींच्या विद्येचे मूळ असे न्हाणीतल्या पाटापर्यंत जाते.

पाश्चात्त्यांनी एक चांगली भर घातली, ती मान्य केली पाहिजे. त्यांच्या वर्गात शिक्षिका बाहुलीवर दाखवते आणि बाळाला आई स्वतः चोळते, पुष्कळदा बापही. आपल्याकडे आई बाजूला बसून पाहते. बाप तर न्हाणीच्या आसपासही फिरकत नाही. दुसरीकडे, केंद्रांतल्या सगळ्याच गोष्टी डोळे मिटून घेण्याजोग्या नाहीत. गळ्यात फुगवलेले कडे अडकवून बाळाला पाण्यात तरंगत ठेवतात, त्या कड्यांविषयी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२२ मध्ये पालकांना सावध केले. मान आवळण्याचा, बुडण्याचा धोका आहे, आणि फायदा सिद्ध झालेला नाही. भाचीला हे दाखवले तेव्हा ती म्हणाली, "टाके राहू दे आत्या, मला बाई वेळेवर हवी." तिचा मुद्दा बरोबर होता, आणि तोच या लेखाचा मुद्दा आहे.

त्याकडे वळण्याआधी यादीतली दुसरी गोष्ट पाहू: माती.

श्रावण अमावास्येला पोळा. हीच पिठोरी अमावास्या. मुलाबाळांच्या आयुष्यासाठी आईने करायचे व्रत याच दिवशी असते. दुसऱ्या दिवशी आमच्या विदर्भात तान्हा पोळा भरतो. मुले लाकडाचे चाकांचे नंदी सजवून ओढत आणतात, तोरणाखाली रांग लावतात, आणि मग घरोघर फिरून बोजारा मागतात. नागपूरकर भोसल्यांपैकी दुसऱ्या रघुजींनी १८०६ मध्ये तो सुरू केला, असे सांगतात. आदल्या दिवशी बैलांची पूजा बापाची, दुसऱ्या दिवशी नंदीची मुलांची.

हा सण येतो कधी, हे पाहण्यासारखे आहे. रोवणी नुकती संपलेली असते. बैल मोकळे, सुतार मोकळा, आणि महिना-दीड महिना चिखलात वाकलेली आईही जरा मोकळी. त्याआधीच्या आठ-दहा दिवसांत घराघरांत मुलांचे बैल घडतात. बोडीच्या काठची चिकण माती आणायची, खडे वेचायचे, मळायची, आणि चार पाय, वशिंड, शिंगे काढायची. शिंगे हमखास मोडतात. मग आत काडी घालायची युक्ती कोणीतरी दाखवते. गोकुळाष्टमीला घरोघर बसणारा मातीचा कान्होबा मुलांनी पाहिलेला असतोच. त्यामुळे मातीला आकार येतो, हे त्यांना सांगावे लागत नाही. पहिलीच्या वर्गात मी वर्षानुवर्षे पाहिले, की ज्या मुलाने बैल केलेले असत त्याच्या बोटांत पेन्सिल लवकर ठरे. माती मळताना तळहाताचे आणि बोटांचे जे स्नायू वापरात येतात, तेच पुढे अक्षर वळवतात.

या गोष्टीला शिक्षणात मानाने बसवण्याचे काम मराठीतच झाले. ताराबाई मोडक काही काळ अमरावतीला राहिलेल्या. पुढे भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर त्यांनी बालशिक्षणाचे प्रयोग केले. मॉन्टेसोरींची पद्धत त्यांना पटली, पण साधने महाग. त्यांनी शिंपले, बिया, पाने, खडे, माती वापरून साधने केली. १९४५ मध्ये बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू झाले, आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. वस्तीतली मुले बालवाडीत येईनात, तेव्हा या दोघींनी बालवाडीच वस्तीतल्या अंगणात नेली. 'अंगणवाडी' हा शब्द तिथला. पुढे कोसबाडला, गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरली, ती कुरणशाळा. मूल ज्या वेळी जिथे मोकळे असेल तिथे आपण जायचे, हे त्यामागचे साधे तत्त्व.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास योजना देशातल्या ३३ प्रकल्पांत सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द भारतभर गेला. आज आमच्या तालुक्यात लहानसहान टोल्यावरही अंगणवाडी आहे. वजन, लस, खिचडी, गाणी, ठसेकाम सगळे तिथे एकाच ताईकडे. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेच्या मदतीने राज्यात 'आरंभ' नावाचा उपक्रम आला. त्यात तीन वर्षांखालच्या मुलांच्या पालकांचे मेळावे भरतात. डबे, झाकणे, दोऱ्या, कापडाच्या चिंध्या अशा घरच्याच वस्तूंचे खेळ मांडतात, आणि आईबापांनी बाळाबरोबर प्रत्यक्ष खेळायचे. असा एक मेळावा मी पाहिला. एक बाप डब्यात खडे घालून खुळखुळा वाजवत होता. बाळ हसले तसा तो आधी लाजला, मग तिथून उठेना. जाहिरातीतल्या केंद्रात जे पैसे देऊन मिळते, ते इथे सतरंजीवर फुकट चालले होते. मेळावा उन्हाळ्यातला होता. रोवणीत ठेवला असता तर किती पालक आले असते, असे मी ताईंना विचारले. त्या म्हणाल्या, "मॅडम, रोवण्यात तं आजीबी सापडत नाही."

म्हणून तेल, माती, गाणे यांची वाण इथे नाही. वाण आहे ती मोकळ्या हातांची. बाळाच्या अंगावर फिरणारा हात आणि बैलाचे शिंग पुन्हा लावून देणारा हात दोघांनाही एकच गोष्ट लागते: घाई नसलेला अर्धा तास. शहरातली आई तो अर्धा तास विकत घेते. गावातली आई तो स्वतःच्या मजुरीतून कापते, नाही तर कापू शकत नाही. आणि जी बाई दुसऱ्याच्या बाळाला तो अर्धा तास देते, तिच्याकडे स्वतःच्या घरासाठी तो उरतो का, हे कोणी विचारत नाही.

कायद्याकडे पाहिले तर फरक स्पष्ट दिसतो. २०१७ च्या दुरुस्तीने नोकरदार स्त्रीला पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवड्यांची भरपगारी रजा मिळाली. माझ्या भाचीला ती मिळाली. दुसऱ्याच्या बांधीत रोजाने रोवणाऱ्या बाईला रजा देणार कोण? तिच्यासाठी त्याच वर्षीची मातृवंदना योजना आहे. पहिल्या बाळाला हप्त्यांनी ५,००० रुपये. २००५ च्या रोजगार हमी कायद्यात अशी तरतूद केली गेली, की कामावर सहा वर्षांखालची पाच किंवा अधिक मुले असतील तर ती सांभाळायला एका बाईला नेमावे आणि तिला मजुरी द्यावी. मूल सांभाळणे हे मजुरी देण्याजोगे काम आहे, हे त्यात लेखी मान्य झाले. रोवणी मात्र खाजगी शेतातली. तिथे ही तरतूद पोचत नाही. बांधीच्या धुऱ्यावर, छत्रीखाली किंवा पळसाच्या सावलीत, सात-आठ वर्षांची बहीण तान्ह्याला घेऊन बसते. अंगणवाडीच्या ताईंचीही तीच गत. त्यांना पगार नाही, मानधन. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, असा निर्णय दिला, तोही पुष्कळ वर्षांच्या भांडणानंतर.

करता येण्याजोगे काय आहे? रोवणीच्या दीड महिन्यापुरते अंगणवाडीची वेळ पहाटेपासून संध्याकाळपर्यंत वाढवावी, आणि त्यासाठी चोळण्याची विद्या असलेल्या दोन वयस्क बायकांना मजुरीवर नेमावे. त्यांना नवजात बाळाच्या सुरक्षित काळजीचे धडे द्यावेत, आणि त्यांच्याकडून तरुण आईबापांनी चोळणे शिकावे. कुरणशाळा कुरणात जाऊ शकते, तर पाळणाघर बांधीच्या धुऱ्यापर्यंत जायला हरकत नसावी. मोठी इमारत लागणार नाही. सतरंजी, तेलाची बाटली, घमेलेभर माती आणि दोन माणसांची रोजी, एवढाच खर्च.

आमच्या घरी काय झाले, ते सांगून थांबते. रोवणी संपेपर्यंत बाई पहाटेच येत राहिली. भाचीने कुरकुर सोडली आणि गजर लावून उठू लागली. बाई थकलेली असे. चोळता चोळता एकदा तिचा डोळा लागला, तेव्हा भाचीने बाळ आपल्या पायांवर घेतले. "दाबू नका, नुसता हात फिरू द्या. तेल तं कोणीबी लावते, लेकराले हात लागते," बाई भिंतीला टेकून सांगत होती. त्यानंतर भाचीच चोळू लागली. शनिवार-रविवारी जावई यायचे. एका रविवारी त्यांनीही चोळून पाहिले.

तान्ह्या पोळ्याच्या संध्याकाळी बाई पुन्हा आली, या वेळी नातवाला घेऊन. त्याच्या हातात दोरी, दोरीला मातीचा बैल, खाली बाटलीच्या झाकणांची चाके. एक शिंग तुटलेले होते. मी बोजारा आणायला आत गेले. परत आले तर भाची पायरीवर बसून ओल्या मातीने ते शिंग जोडून देत होती, आणि बाळ बाईच्या मांडीवर होते. "आत काडी घाला," नातू म्हणाला. भाचीने अंगणातल्या झाडूची एक काडी मोडून घेतली.